मातांचे ऐकून घेणारा नेत्रतज्ज्ञ : सर नॉर्मन ग्रेग

१९४१ सालच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात डॉ. नॉर्मन मॅकअ‍ॅलिस्टर ग्रेग यांच्याकडे एकामागून एक तान्ही बाळे येऊ लागली. तक्रार एकच होती. बाळाच्या डोळ्यातील काळी बाहुली पांढरी दिसत होती. जन्मजात मोतीबिंदू नेत्रतज्ज्ञाला अपरिचित नसतो, पण तो एरवी क्वचित आढळणारा विकार आहे. येथे मात्र थोड्या महिन्यांत अशी बाळे इतक्या संख्येने दिसू लागली की योगायोग म्हणून तो विषय सोडून देणे कठीण झाले. या बाळांच्या आयांकडे ग्रेग यांनी केलेल्या चौकशीतून वैद्यकशास्त्राची एक जुनी समजूत ढासळली. गर्भवतीला झालेला अगदी किरकोळ वाटणारा विषाणूजन्य आजार पोटातील बाळाचे डोळे, हृदय, कान आणि मेंदू कायमचे दुखावू शकतो, हे त्यांनी उघडकीस आणलेल्या पुराव्यातून जगासमोर आले. तो आजार होता जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला.

ग्रेग यांचा जन्म ७ मार्च १८९२ रोजी सिडनीच्या बरवुड या उपनगरात झाला. वडील कारकून होते आणि नॉर्मन हे घरातील शेंडेफळ. सिडनी ग्रामर स्कूलमधील शिक्षणानंतर त्यांनी सिडनी विद्यापीठात वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि १९१५ मध्ये प्रथम श्रेणीतील सन्मानासह पदवी मिळवली. अभ्यासाइतकेच मैदानही त्यांना प्रिय होते. क्रिकेट आणि टेनिस या दोन्ही खेळांत ते वाकबगार होते. टेनिसमध्ये तर त्यांनी न्यू साउथ वेल्स राज्याचे प्रतिनिधित्व केले. पण ते वर्ष खेळाडूंच्या भाग्याचे नव्हते. पहिले महायुद्ध सुरू झालेले होते. पदवी हाती पडताच ग्रेग ब्रिटनच्या रॉयल आर्मी मेडिकल कोअरमध्ये दाखल झाले आणि पश्चिम आघाडीवर गेले. जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना दाखवलेल्या धैर्याबद्दल त्यांना 'मिलिटरी क्रॉस' हा किताब मिळाला.

युद्ध संपल्यावर ते सिडनीला परतले. रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात काही काळ काम केल्यानंतर नेत्रवैद्यकाच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. लंडनचे मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालय त्या काळी या शाखेची काशी मानले जाई. तेथे आणि अन्य नेत्र रुग्णालयांत त्यांनी अनुभव घेतला. १९२३ साली मायदेशी परत येऊन त्यांनी सिडनीतील मॅक्वायरी स्ट्रीट या डॉक्टरांच्या प्रसिद्ध रस्त्यावर व्यवसाय सुरू केला. विवाह झाला, पुढे दोन मुली झाल्या. रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालय आणि रॉयल अलेक्झांड्रा हे मुलांचे रुग्णालय, या दोन्ही ठिकाणी नेत्रशल्यविशारद म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढची जवळपास दोन दशके सुस्थित, प्रतिष्ठित डॉक्टरची जाते तशीच गेली. शोध लावण्यासाठी धडपडणाऱ्यांपैकी ते नव्हते. वयाची एकोणपन्नास वर्षे उलटली तेव्हा त्यांच्या नावावर जगाने लक्षात ठेवावे असे संशोधन नव्हते.

यानंतरचा घटनाक्रम समजून घेण्यासाठी १९४० सालचे ऑस्ट्रेलिया डोळ्यांसमोर आणावे लागते. दुसरे महायुद्ध पेटले होते. हजारो तरुण लष्करी तळांवर गोळा झाले होते, आणि अशा गर्दीत जर्मन गोवर वणव्यासारखा पसरला. समुद्राने वेढलेल्या या खंडावर हा आजार सतत रेंगाळत नसे. मध्ये बरीच वर्षे शांततेची जात आणि मग मोठी साथ येई. त्यामुळे बालपणी हा आजार न झालेल्या, म्हणून प्रतिकारशक्ती नसलेल्या तरुण स्त्रिया तेथे मोठ्या संख्येने होत्या. रजेवर आलेल्या जवानांबरोबर आजार घरोघरी पोहोचला.

अठराव्या शतकात जर्मन वैद्यांनी वेगळा ओळखला म्हणून जर्मन गोवर हे नाव पडलेल्या या आजाराला त्या वेळी कोणी फारसे मोजत नव्हते. अंगावर दोन-तीन दिवस बारीक लालसर पुरळ, थोडा ताप, मानेमागच्या गाठी सुजणे, क्वचित सांधेदुखी, बस्स. वैद्यकीय ग्रंथांतही त्याला मिळालेली जागा बेताचीच. ज्या स्त्रियांना तो झाला त्यांपैकी अनेकींना आपण गर्भवती आहोत याचीही तोवर कल्पना नव्हती.

ग्रेग यांच्यापुढे आलेली बाळे मात्र वेगळीच कथा सांगत होती. नेत्रभिंग हे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरावर थर चढत तयार होते. सर्वांत आतला थर सर्वांत आधीचा. या बाळांच्या भिंगाचा मध्यभाग दाट, मोत्यासारखा पांढरा होता आणि कडेचा भाग त्या मानाने स्वच्छ. याचा अर्थ घाव बसला तो भिंग घडण्याच्या अगदी आरंभी, गर्भारपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. शिवाय ही बाळे वजनाने कमी होती, दूध नीट पीत नव्हती आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या हृदयात दोष होता. बाहुली मोठी करण्यासाठी डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घातले तरी तिचा प्रतिसाद अपुरा असे. नेहमीच्या आनुवंशिक मोतीबिंदूचे हे चित्र नव्हते.

बाळांच्या जन्मतारखांवरून ग्रेग मागे मोजत गेले. गर्भारपणाचा तो आरंभीचा काळ १९४० च्या साथीच्या ऐन भराशी जुळत होता. या टप्प्यावरची एक हकिकत वैद्यकीय इतिहासात नेहमी सांगितली जाते. त्यांच्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दोन आया आपापली बाळे घेऊन बसल्या होत्या. बोलता बोलता एकीने दुसरीला सांगितले की, दिवस गेले तेव्हा सुरुवातीलाच तिला जर्मन गोवर झाला होता आणि त्याचा बाळाला काही अपाय झाला असेल का, ही शंका तिला छळते आहे. दुसरीचाही अनुभव तोच होता. हे बोलणे ग्रेग यांच्या कानावर गेले. अशा हकिकतींना कालांतराने थोडी झिलई चढते, हे खरे. परंतु ग्रेग यांनी प्रत्येक आईला गर्भारपणातील आजाराविषयी विचारायला सुरुवात केली आणि उत्तर बहुतेक वेळा एकच आले, याबद्दल दुमत नाही.

असा प्रश्न विचारणे आज साधे वाटते. त्या काळी तो रीतीबाहेरचा होता. जन्मजात व्यंग म्हणजे घराण्यातून आलेला दोष, ही समजूत पक्की होती. दोन महायुद्धांमधील त्या दशकांत वंशशुद्धीच्या कल्पनांचे पाश्चात्त्य जगात मोठे प्रस्थ होते आणि व्यंग असलेले मूल जन्मणे हा कुटुंबाच्या रक्तावरील डाग समजला जाई. दुसरीकडे, उपदंशासारखा अपवाद वगळता, वार ही गर्भाभोवतीची अभेद्य तटबंदी आहे असे बहुसंख्य डॉक्टर मानत. कुठल्याशा पुरळाचे आणि बाळाच्या अंधत्वाचे नाते एखाद्या आईने जोडले, तर तो तिचा भाबडेपणा ठरवून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळत. अशा शंका आणखी कितीजणींनी बोलून दाखवल्या असतील आणि त्या किती दवाखान्यांत विरून गेल्या असतील, याची मोजदाद नाही.

ग्रेग यांनी स्वतः तपासलेली बाळे तेरा होती. तेवढ्यावर न थांबता त्यांनी अन्य शहरांतील नेत्रतज्ज्ञांकडे चौकशी केली आणि त्यांच्याकडील नोंदी मागवल्या. एकूण ७८ बाळांची माहिती जमा झाली. त्यांपैकी ६८ बाळांच्या आयांना गर्भारपणात जर्मन गोवर झाल्याचे निष्पन्न झाले, बहुतेकींना पहिल्या किंवा दुसऱ्या महिन्यात. उरलेल्या दहा जणींना तसे काही आठवत नव्हते. पण हा आजार अंगावर पुरळ न उठताही होऊ शकतो, हे आज माहीत आहे. ७८ पैकी ४४ बाळांना हृदयविकार होता. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञांच्या अधिवेशनात ग्रेग यांनी मातेला झालेला जर्मन गोवर आणि बाळाचा जन्मजात मोतीबिंदू यांच्या संबंधावरील आपला निबंध वाचला. त्याच संस्थेच्या इतिवृत्तात तो छापला गेला. यामागे ना प्रयोगशाळा होती, ना अनुदान, ना सहायकांची फौज. जर्मन गोवराचा विषाणू त्या वेळी कोणी वेगळा काढलेला नव्हता. एका व्यावसायिक डॉक्टरने नोंदवह्या, तारखा आणि आयांच्या आठवणी यांच्या जोरावर मांडलेला हा निष्कर्ष होता.

त्या निबंधात एक मोठी उणीव होती आणि ती भरून काढली तीही आयांनीच. ग्रेग यांची बाळे काही महिन्यांची होती. त्या वयात मोतीबिंदू दिसतो, हृदयातील दोषाची कुरकुर ऐकू येते, पण मूल ऐकत नाही हे कळायला वर्ष-दीड वर्ष जावे लागते. मेलबर्नच्या निबंधाची बातमी वृत्तपत्रांतून झळकल्यावर काही स्त्रियांनी ग्रेग यांच्याशी संपर्क साधला. त्यांच्या मुलांचे डोळे ठीक होते, पण ती बहिरी होती आणि आयांना गर्भारपणात जर्मन गोवर झालेला होता. नेत्रतज्ज्ञाने हे आपल्या शाखेबाहेरचे म्हणून टाळले असते तर कोणी दोष दिला नसता. ग्रेग यांनी त्याचाही पाठपुरावा केला. कानाच्या आतील शंखाकृती अवयवाला झालेली इजा आणि त्यातून आलेले बहिरेपण हाच या संसर्गाचा सर्वाधिक आढळणारा परिणाम असल्याचे पुढे सिद्ध झाले.

१९४३ पासून अ‍ॅडलेड येथील डॉ. चार्ल्स स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील मुलांचा मागोवा घेऊन निबंध प्रसिद्ध केले. मोतीबिंदू, हृदयदोष आणि बहिरेपण यांच्या जोडीला त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : अनेक मुलांच्या डोक्याचा घेर वयाच्या मानाने लहान होता आणि मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे हे टप्पे ती उशिरा गाठत होती. म्हणजे घाव मेंदूवरही बसला होता. १९४५ मध्ये ग्रेग यांनी न्यू साउथ वेल्समधील सहकाऱ्यांबरोबर केलेल्या विस्तृत पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्यांनी या चित्राला दुजोरा दिला.

मेंदूवरील परिणाम ओळखणे मात्र सोपे नव्हते, आणि येथेच अनेक मुलांवर दुहेरी अन्याय झाला. जे मूल पाहू शकत नाही आणि ऐकूही शकत नाही, ते बोलायला शिकणार कसे? त्याचा मंदपणा मेंदूच्या इजेतून आलेला, की जगाच्या सगळ्या वाटा बंद झाल्यामुळे, हे ठरवण्याची साधने त्या वेळी तुटपुंजी होती. मुळात बुद्धी शाबूत असलेल्या काही मुलांवर मतिमंद असा शिक्का बसला.

विषाणू नेमके काय करतो, हे पुढील दशकांत स्पष्ट झाले. आईच्या रक्तातून तो वारेत शिरतो आणि तेथून गर्भाच्या रक्तप्रवाहात उतरतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला तो इजा करतो, त्यामुळे मेंदूच्या काही भागांचा रक्तपुरवठा खंडित होतो. शिवाय संसर्ग झालेल्या पेशींच्या विभाजनाचा वेग मंदावतो. ज्या आठवड्यांत अवयवांची पायाभरणी चालू असते त्याच आठवड्यांत पेशी कमी पडल्या, की अवयव लहान आणि अपुरे राहतात. एवढ्यावर तो थांबतही नाही. जन्मानंतर कित्येक महिने विषाणू बाळाच्या शरीरात टिकून असतो आणि त्याच्या स्रावांतून इतरांना संसर्ग देऊ शकतो. क्वचित काही रुग्णांत दुसऱ्या दशकात मेंदूचा वाढत जाणारा दाह सुरू झाल्याचेही १९७० च्या दशकात आढळले.

ग्रेग यांच्या निष्कर्षाचे स्वागत जगभर एकसारखे झाले नाही. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी तो बऱ्यापैकी लवकर स्वीकारला. पण १९४४ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या मातब्बर नियतकालिकाने ग्रेग यांनी आपला मुद्दा सिद्ध केला असे अद्याप म्हणता येत नाही, असा अभिप्राय दिला. दूरच्या वसाहतीतल्या डॉक्टरविषयीची तुच्छता त्यात किती आणि शास्त्रीय सावधगिरी किती, हे आता ठरवणे अवघड आहे. मात्र आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. ग्रेग यांनी सुरुवात व्यंग असलेल्या बाळांपासून केली होती. जर्मन गोवर होऊनही ज्यांना निरोगी बाळे झाली अशा स्त्रिया किती, हे त्या पद्धतीने कळणे शक्य नव्हते. म्हणूनच पहिल्या महिन्यांत आजार झाल्यास व्यंग जवळजवळ अटळ आहे, असा समज आरंभी पसरला. पुढे गर्भवतींची नोंद आधी करून बाळांच्या जन्माची वाट पाहणाऱ्या पाहण्या झाल्या. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश आरोग्य खात्याच्या अशा पाहणीत धोक्याचे प्रमाण बरेच कमी निघाले. पण त्या पाहण्यांतही गफलत होती, कारण अंगावर उठलेले प्रत्येक पुरळ जर्मन गोवराचे नसते. रक्तातील प्रतिपिंडे तपासून संसर्गाची खात्री करणारा अभ्यास १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला, तेव्हा आकडा पुन्हा वर चढला : पहिल्या दहा-अकरा आठवड्यांत संसर्ग झाल्यास दहांपैकी सुमारे नऊ बाळांना इजा होते. चार दशकांपूर्वीचा सिडनीच्या डॉक्टरचा अंदाज वास्तवापासून फार दूर नव्हता.

ग्रेग यांची बाजू भक्कम करणारा सर्वांत विलक्षण पुरावा दिला तो एका संख्याशास्त्रज्ञाने. ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत बहिऱ्या-मुक्या व्यक्तींची वयानुसार नोंद होत असे. ऑलिव्हर लँकेस्टर यांनी हे जुने तक्ते चाळले. १९११ च्या जनगणनेत दहा ते चौदा वर्षे वयोगटात बहिऱ्यांची संख्या विलक्षण फुगलेली होती. १९२१ मध्ये हाच फुगवटा वीस ते चोवीस वर्षे वयोगटात सरकला होता. म्हणजे ही सारी माणसे १८९९ च्या आसपास जन्मलेली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची साथ येऊन गेल्याच्या नोंदी होत्या. १९५१ साली लँकेस्टर यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाळीस वर्षे सरकारी दप्तरात, सर्वांच्या नजरेसमोर हे उत्तर पडून होते. प्रश्न विचारणारे कोणी नव्हते इतकेच. त्या पिढीतील आयांनी मुलांच्या बहिरेपणाची कारणे आपल्या नशिबात, घराण्यात किंवा स्वतःच्या वागणुकीत शोधली असणार.

सिडनीतील शोध जगभरच्या प्रसूतिगृहांत वेळेवर पोहोचला नाही, याची किंमत अनेकांनी मोजली. हॉलिवूडची विख्यात अभिनेत्री जीन टियर्नी हिला १९४३ मध्ये, गर्भारपणाच्या आरंभी, जर्मन गोवर झाला. तिची मुलगी बहिरी, अंशतः अंध आणि मेंदूला गंभीर इजा झालेली जन्मली. ग्रेग यांचा निबंध वाचला गेल्याला तेव्हा दोन वर्षे होत आली होती. पुढे धोका सर्वश्रुत झाला तेव्हाही हातात उपाय नव्हता. मुलींना लहानपणीच आजार होऊन जावा म्हणून त्यांना मुद्दाम रुग्ण मुलांबरोबर खेळायला पाठवण्याचा प्रकार काही देशांत रूढ झाला. संसर्ग झालेल्या गर्भवतीपुढे मात्र दोनच वाटा उरत : गर्भपात, जो बहुतेक ठिकाणी बेकायदा होता, किंवा महिनोन्‌महिने भीतीच्या छायेत काढणे.

ग्रेग यांना सन्मान मिळाले. १९५३ मध्ये ब्रिटिश राजसत्तेने त्यांना 'सर' ही पदवी दिली. परदेशी विद्यापीठांनी गौरव केला, व्याख्यानांची निमंत्रणे आली. तरी ते मुख्यतः सिडनीतील डोळ्यांचे डॉक्टरच राहिले. ज्या मुलांना त्यांनी तान्हेपणी तपासले होते त्यांच्यापैकी अनेकांचे डोळे त्यांच्याच देखरेखीखाली होते. या बाळांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्या काळी कष्टाची आणि धोक्याची होती. हृदय दुबळे असलेल्या बाळाला भूल देणे हीच पहिली परीक्षा असे.

१९६२ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड आणि वॉल्टर रीड येथील दोन स्वतंत्र गटांनी रुबेलाचा विषाणू वेगळा काढण्यात यश मिळवले. लस आता आवाक्यात आली होती. परंतु साथ तिच्याआधी पोहोचली. १९६४-६५ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे १ कोटी २५ लाख लोकांना रुबेला झाला आणि सुमारे २० हजार बाळे त्याचे परिणाम घेऊन जन्मली. त्यांतील ११ हजारांहून अधिक बहिरी होती, साडेतीन हजारांच्या आसपास अंध आणि सुमारे १,८०० मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली होती. ग्रेग यांनी १९४१ मध्ये ७८ बाळांच्या नोंदींवरून दिलेला इशारा असा अक्राळविक्राळ होऊन समोर उभा राहिलेला त्यांनी पाहिला. लस पाहण्याचे मात्र त्यांच्या भाग्यात नव्हते. २७ जुलै १९६६ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, सिडनीत त्यांचे निधन झाले. रुबेलाच्या पहिल्या लशीला अमेरिकेत १९६९ मध्ये परवानगी मिळाली.

त्या अमेरिकी साथीतील मुलांनी मेंदूच्या विकासाबाबतचे आणखी एक दार उघडले. न्यूयॉर्कमधील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. स्टेला चेस यांनी रुबेलाबाधित २४३ मुलांची पाहणी केली. त्यांपैकी दहा मुलांत स्वमग्नतेची पूर्ण आणि आठ मुलांत आंशिक लक्षणे आढळली. एरवी हा विकार ज्या प्रमाणात दिसे त्याच्या कितीतरी पट हा आकडा होता. १९७१ मध्ये चेस यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा स्वमग्नतेचे खापर आईच्या मायेच्या अभावावर फोडणारी विचारसरणी पाश्चात्त्य मानसशास्त्रात अद्याप बोकाळलेली होती. गर्भावस्थेतील संसर्ग हे स्वमग्नतेचे एक जैविक कारण असू शकते, हे चेस यांच्या पाहणीने दाखवून दिले आणि पुन्हा एकदा आईवरचा एक आरोप सैल झाला.

ऑस्ट्रेलियाने १९७१ पासून शाळकरी मुलींना रुबेलाची लस देण्यास प्रारंभ केला आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशातून रुबेलाचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. भारताला या टप्प्यावर यायला बराच विलंब लागला. गोवर-रुबेला लशीची राष्ट्रीय मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यातील राज्यांत गोव्याचा समावेश होता. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळा-शाळांतून लस टोचण्यात आली. समाजमाध्यमांवरील अफवांशी आरोग्य कर्मचाऱ्यांना झुंजावे लागले ते वेगळेच. ज्या समाजात बाळाच्या व्यंगाचे कारण अजूनही गर्भवतीने ग्रहण नीट पाळले नाही यात शोधले जाते, तेथे खरे कारण एक विषाणू असू शकतो आणि त्याला अडवणारी लस आहे, ही माहिती घराघरांत पोहोचणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगायला नको. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीनंतर लहान डोक्याची बाळे जन्मू लागली तेव्हा तेथील डॉक्टरांनी आयांना गर्भारपणातील पुरळाबद्दल विचारले, ते ग्रेग यांनी घालून दिलेल्या वाटेनेच. २०२४ मध्ये पुण्यात गर्भवतींना झिकाची लागण झाल्याचे आढळताच त्यांच्यावर विशेष देखरेख ठेवण्यात आली, त्यामागेही तीच धास्ती होती.

सिडनीतील त्या मूळ मुलांचे पुढे काय झाले, याचाही माग ठेवला गेला, ही या कथेतील दुर्मीळ बाब. डॉ. मार्गारेट मेन्सर आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या साथीच्या सुमारास जन्मलेल्या पन्नास जणांची पंचवीस वर्षांनंतर तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९६७ मध्ये, ग्रेग यांच्या निधनानंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाले. जवळजवळ सगळेच बहिरे होते, अनेकांची दृष्टी अधू होती. तरीही त्यांच्यापैकी बहुसंख्य नोकरीधंदा करून स्वतःच्या पायावर उभे होते, काहींचे संसार थाटले होते. तान्हेपणी त्यांच्याविषयी व्यक्त झालेली भाकिते याहून कितीतरी काळोखी होती. हीच मंडळी साठीच्या घरात आल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली आणि तिचा अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह आणि थायरॉइड ग्रंथीचे विकार त्यांच्यात सर्वसाधारण ऑस्ट्रेलियन नागरिकांपेक्षा अधिक आढळले, आणि स्त्रियांची पाळीही वेळेआधी थांबली होती.